जुन्या बॉयलरचं प्रेशर उतरतंय? पाणी भरण्याआधी काटा वाचा

घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरचं प्रेशर उतरलं की बहुतेक घरांत एकच गोष्ट होते. कुणीतरी बॉयलरखालच्या लवचिक नळीचा व्हॉल्व्ह उघडतं, प्रेशर दाखवणारा काटा दीड बारवर (बार हे दाबाचं एकक) नेतं, व्हॉल्व्ह बंद करतं, आणि रेडिएटर पुन्हा तापतात. आठवडाभराने परत तेच. हे महिनोन्‌महिने चालू शकतं, आणि खरं नुकसान त्यातच होतं. बंद सिस्टिममधल्या जुन्या पाण्यातला ऑक्सिजन केव्हाच संपलेला असतो, म्हणून रेडिएटरचा पत्रा वर्षानुवर्षं टिकतो. ताजं पाणी मात्र नवा ऑक्सिजन आणि क्षार घेऊन येतं. पत्रा आतून गंजतो, गंजाचा काळा गाळ पंपात आणि हीट एक्स्चेंजरमध्ये (ज्वालेची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागात) जाऊन बसतो, गंज रोखण्यासाठी घातलेलं इनहिबिटर पातळ होत जातं. एका गळतीवर पाणी ओतत राहिलं की दुसरी तयार होते ती अशी.

म्हणून या लेखात पाणी भरण्याबद्दल थोडंच आहे. बाकी सगळं काटा का पडतो ते शोधण्याबद्दल आहे.

आधी सिस्टिम ओळखा

इथे लिहिलेलं सगळं दाबाखाली चालणाऱ्या बंद सिस्टिमला लागू आहे: बॉयलर, पंप, रेडिएटर आणि एक प्रसरण टाकी, जिला सगळे एक्स्पान्शन व्हेसल म्हणतात. नळाचं पाणीही तापवणाऱ्या कॉम्बी बॉयलरमध्ये हे व्हेसल बहुधा आतच, मागच्या बाजूला असतं. साध्या बॉयलरला ते बाहेर, बऱ्याचदा लाल रंगाच्या गोल डब्यासारखं लटकलेलं दिसतं. माळ्यावरच्या छोट्या उघड्या टाकीतून हीटिंगला पाणी उतरत असेल, तर ती वेगळी जात. तिथे दाब टाकीच्या उंचीवर ठरतो, आणि पाणी कमी पडलं तर टाकीतला फ्लोट अडकलाय का ते आधी बघायचं. वाफेवर चालणारे बॉयलर तर पूर्णच निराळे. त्यांना या लेखातलं काहीही लावू नका.

एक रेघ आताच आखून घ्या. पाण्याच्या बाजूची बरीचशी तपासणी घरातला माणूस करू शकतो. गॅस किंवा तेलाची बाजू, बर्नर आणि धूर बाहेर नेणारी नळी यांना हात लावायचा नाही. बऱ्याच बॉयलरांचं पुढचं कव्हर हाच ज्वलनकक्षाच्या सीलचा भाग असतो. ते नीट बसलं नाही तर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो, आणि त्याला वास नसतो. पाने आणि स्क्रूड्रायव्हर लावून काढावं लागणारं कव्हर परवानाधारक मेकॅनिकसाठी सोडा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घरात नसेल तर तो आधी आणा, बॉयलर नंतर बघू.

आकडे, आणि गेजवर किती विश्वास ठेवायचा

सिस्टिम थंड असताना काटा साधारण 1 ते 1.5 बारच्या मध्ये हवा. तापल्यावर तो वर सरकतो आणि 2 च्या आसपास थांबतो. 3 बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून पाणी बाहेर सोडतो. खालच्या टोकाला बरेच बॉयलर अर्ध्या बारच्या आसपास स्वतःहून बंद पडतात. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतो. घर उंच असेल तर एक हिशोब लक्षात ठेवा: पाण्याचा 10 मीटर उंच स्तंभ म्हणजे साधारण 1 बार. सर्वांत वरचा रेडिएटर गेजच्या 7 मीटर वर असेल, तर तिथवर पाणी पोचायलाच 0.7 बार खर्च होतात.

जुन्या बॉयलरचं गेज खोटं बोलू शकतं. त्याला जोडलेली केसासारखी बारीक नळी गाळाने चोंदते आणि काटा एका जागी चिकटून राहतो. बोटाने काचेवर हलकी टिचकी मारा. काटा उडी मारून दुसरीकडे गेला तर तो अडकला होता. दुसरी खूण सर्वांत वरच्या रेडिएटरवर मिळते. गेज शून्य दाखवतंय, पण तिथला ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) जरासा सैल करताच पाणी जोरात उडतं, तर दाब आहे आणि गेज बिघडलंय. ही चाचणी बॉयलर थंड असतानाच करा.

चार-पाच दिवस नुसतं लिहून काढा

लोक हीच पायरी गाळतात आणि मग हातात पाना घेऊन घरभर फिरतात. दिवसातून दोनदा काटा वाचा: सकाळी हीटिंग चालू होण्याआधी, आणि संध्याकाळी सगळं पूर्ण तापल्यावर. मधे पाणी भरू नका. भरावंच लागलं तर तेही लिहा. थंड वाचनाची तुलना थंडशीच करायची. रात्री 1.8 आणि सकाळी 1.2 दिसलं म्हणून गळती आहे असं नाही, पाणी गार होऊन आकसलं एवढंच.

काही चाली सहज ओळखू येतात. थंड वाचन रोज थोडं थोडं उतरतंय आणि तापल्यावरची चढण नेहमीसारखीच आहे, तर कुठेतरी संथ पाझर आहे. तापल्यावर काटा 3 कडे धावतो आणि सकाळी जवळपास शून्यावर असतो, तर व्हेसलमधली हवा गेली आहे. हीटिंग बंद असलेल्या दिवसांतही काटा तेवढ्याच वेगाने पडतोय, तर व्हेसलचा संबंध कमी, सरळ गळती शोधा. रेडिएटरची हवा काढल्यावर एकदाच उतरलं आणि मग स्थिर राहिलं, तर काहीच बिघडलेलं नाही. हवेची जागा पाण्याने घेतली. पण दर काही आठवड्यांनी हवा काढावी लागत असेल तर आत गंज चालू आहे. गंजताना हायड्रोजन तयार होऊ शकतो, म्हणून हवा काढताना जवळ काडी किंवा लायटर पेटवू नका.

एक चाल फसवी आहे. काटा आपोआप वर चढतो, कुणी हात न लावता, आणि मग एक दिवस अचानक खाली येतो. इथे फिलिंग लूपचा, म्हणजे पाणी भरायच्या त्या लवचिक नळीचा, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसतो. नळाचं पाणी आत झिरपत राहतं, दाब 3 वर गेला की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो, आणि जुना सेफ्टी व्हॉल्व्ह एकदा उघडला की पुन्हा घट्ट बसेलच असं नाही. भरून झाल्यावर लवचिक नळी दोन्ही बाजूंनी बंद करून काढून ठेवणं आणि तोंडांवर टोप्या लावणं हे म्हणूनच चांगलं. नळी काढल्यावर तिच्या तोंडातून थेंब पडत असतील तर चोर तिथेच सापडला.

किती पाणी जातंय याचा अंदाज

काटा झपाट्याने पडतो म्हणजे गळती मोठी, असा समज आहे. तो बऱ्याचदा चुकीचा ठरतो. पाणी दाबलं जात नाही. दाब टिकवून धरते ती व्हेसलमधली हवा. 8 लिटरचं व्हेसल घ्या, त्यात आधी 0.75 बार हवा भरलेली. थंड सिस्टिम 1.5 बारला असताना त्यात साधारण 2.4 लिटर पाणी साठलेलं असतं, आणि 1 बारला साधारण 1 लिटर. म्हणजे व्हेसल धडधाकट असेल तर अर्धा बार उतरायला जवळपास दीड लिटर पाणी जावं लागतं. हे आठवडाभरात झालं, तर गळती दिवसाला पेलाभर, मिनिटाला तीनेक थेंब. तापलेल्या पाइपवर एवढं पाणी डाग न पाडता उडून जातं. लोकांना गळती दिसत नाही ती यामुळे.

त्याच व्हेसलमधली हवा गेली असेल तर अर्धा बार पडायला कपभर पाणीही लागत नाही. गळती तितकीच, पण काटा एका रात्रीत आपटतो. त्यामुळे फरशी उखडायचा विचार करण्याआधी व्हेसल तपासायचं.

याच गणितातून आणखी एक गोष्ट कळते. सिस्टिममध्ये 100 लिटर पाणी आहे आणि ते सरासरी 70 अंशांपर्यंत तापलं, तर आकारमान साधारण 2.2 लिटरने वाढतं. 1 बारला भरलेली सिस्टिम तापून 1.9 च्या आसपास जाईल. तीच 1.5 ला भरली असेल तर 3 ओलांडून सेफ्टी व्हॉल्व्ह उघडेल. ‘जास्त दिवस टिकावं’ म्हणून काटा दीड-दोनवर नेणारे लोक कधीकधी स्वतःच गळती तयार करतात. पुस्तिकेत वेगळं सांगितलं नसेल तर 1 ते 1.2 पुरे.

पहिली तपासणी: सेफ्टी व्हॉल्व्हची बाहेरची नळी

सगळ्यांत स्वस्त चाचणी हीच, म्हणून ती आधी. सेफ्टी व्हॉल्व्हमधून निघालेली नळी बहुधा तांब्याची असते, भिंतीबाहेर येते आणि तोंड भिंतीकडे वळवलेलं असतं. कंडेन्सिंग बॉयलर (धुरातली वाफ थंड करून तिचीही उष्णता वापरणारा) असेल तर त्याची प्लॅस्टिकची पांढरी किंवा करडी नळी वेगळी. तिच्यातून पाणी येणं स्वाभाविक आहे, दोहोंत गल्लत करू नका.

तांब्याच्या नळीच्या तोंडाला पातळ प्लॅस्टिकची पिशवी रबरबँडने सैल अडकवा. वरच्या बाजूला एक भोक ठेवा, म्हणजे दाब आला तर हवा अडकणार नाही. तिथून उकळतं पाणी किंवा वाफ येऊ शकते, तेव्हा बॉयलर चालू असताना हात लावू नका. एक पूर्ण दिवस हीटिंग नेहमीसारखं चालवा, सगळं गार झाल्यावर पिशवी बघा. पाणी साठलं असेल तर सेफ्टी व्हॉल्व्ह गळतोय. पण तो का उघडला, हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि उत्तर बहुतेक वेळा व्हेसलमध्ये असतं. नुसता व्हॉल्व्ह बदलून व्हेसल तसंच ठेवलं तर नवा व्हॉल्व्हही काही दिवसांत ठिबकू लागेल.

जुन्या सेफ्टी व्हॉल्व्हची मूठ ‘चालतोय का’ बघायला फिरवू नका. बैठकीवर कचरा अडकला की तो बंदच होत नाही. आणि गळती थांबवायला त्या नळीला बूच मारण्याचा विचारही नको. दाब बाहेर जायला वाट ठेवलेली आहे ती स्फोट होऊ नये म्हणून.

व्हेसलमध्ये हवा भरणं

व्हेसलच्या आत रबराचा पडदा असतो. एका बाजूला सिस्टिमचं पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. हवेच्या बाजूला मोटारीच्या चाकाला असतो तसलाच व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे चाकाचा गेज आणि पायपंप इथे चालतो. हा व्हॉल्व्ह कव्हर न उघडता हाती लागत असेल तरच पुढे वाचून कामाला लागा.

1. बॉयलरची वीज बंद करा आणि सगळं पूर्ण गार होऊ द्या.

2. व्हेसल बॉयलरच्या आत असेल तर खालचे जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या पाइपचे आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद करा. व्हेसल बाहेर असेल आणि त्याला स्वतंत्र व्हॉल्व्ह नसेल, तर सिस्टिमचाच दाब उतरवावा लागेल.

3. त्या बाजूच्या ड्रेन कॉकला नळी लावून तो उघडा. काटा शून्यावर आला की ड्रेन उघडाच ठेवा. पाण्याचा दाब तसाच ठेवून हवा मोजली तर गेज पाण्याचाच दाब दाखवतं आणि आपली समजूत होते की व्हेसल ठीक आहे. चुकीचं निदान बहुतेक वेळा इथेच होतं.

4. व्हॉल्व्हची टोपी काढा आणि मधली पिन क्षणभर दाबा. पाणी आलं तर पडदा फाटला, व्हेसल बदलायचं. काहीच आलं नाही किंवा हवा आली तर पुढे जा.

5. व्हेसलच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंत हवा भरा. घरगुती बॉयलरला बहुधा 0.75 ते 1 बार असतं. भरताना ड्रेनमधून पाणी येत राहील, ते येऊ द्या. थोड्या वेळाने पुन्हा मोजा. हवा उतरली असेल तर व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. जुन्या पिनचं रबर कडक झालेलं असतं, म्हणून एक नवी पिन हाताशी असू द्या.

6. ड्रेन बंद करा, आयसोलेशन व्हॉल्व्ह उघडा, सिस्टिम 1 ते 1.2 बारला भरा, रेडिएटरची हवा काढा आणि पुन्हा थंड वाचन घ्या.

हवा बरोबर भरली आणि काटा तरीही तापताच 3 कडे पळाला, तर व्हेसलला जोडणारी बारीक नळी गाळाने बंद झालेली असू शकते. ते मेकॅनिकचं काम. काही घट्ट जागी बसवलेल्या बॉयलरांमध्ये आतलं व्हेसल काढायला अख्खा बॉयलर उतरवावा लागतो. तिथे जुनं आत तसंच ठेवून बाहेर पाइपवर वेगळं व्हेसल बसवतात. हा जुगाड वाटतो, पण नीट बसवलं तर पूर्ण योग्य उपाय आहे.

दिसणाऱ्या गळत्या

विजेरी आणि कोरडा टिश्यूपेपर घ्या. सिस्टिम गार असतानाही एकदा फिरा, कारण काही सांधे तापल्यावर फुगून बंद होतात आणि गार झाल्यावरच पाझरतात. प्रत्येक रेडिएटर व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती, नटखाली आणि ब्लीड स्क्रूपाशी टिश्यू टेकवा. ओल दिसली नाही तरी खुणा दिसतात: तांब्यावर हिरवट किंवा पांढरी पापडी, पितळी नटाखाली काळपट ओघळ, रेडिएटरच्या खालच्या कडेला रंगाचा फुगा. पंपाचे दोन मोठे नट, टॉवेल वाळवायची रेल, ड्रेन कॉक आणि स्वयंचलित एअर व्हेंटची टोपी हमखास विसरली जातात.

दांड्याभोवती पाझर असेल तर वरचा लहान ग्लँड नट अगदी थोडा, पाव फेऱ्याहून कमी, आवळून बघा. पाइपचा नट आवळताना व्हॉल्व्ह दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर पूर्ण सांधा फिरतो आणि थेंबाची धार होते. रेडिएटरवरचा रंगाचा फुगा नखाने खरवडू नका. खाली पत्रा कागदाएवढा उरलेला असू शकतो. दोन्ही टोकांचे व्हॉल्व्ह बंद करून तो रेडिएटर वेगळा करा (लॉकशील्डचे, म्हणजे टोपीखालच्या दुसऱ्या टोकाच्या व्हॉल्व्हचे, फेरे मोजून ठेवा, परत उघडताना लागतील) आणि काटा थांबतो का बघा. थांबला तर रेडिएटर बदलणं हाच उपाय. पत्र्याला एम-सील लावून काही होत नाही.

बॉयलर की घर?

काहीच सापडलं नाही तर प्रश्न दोन भागांत तोडायचा. बॉयलर बंद, सगळं गार, काटा 1.2 वर. झोपण्याआधी आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद करा, आणि बॉयलर चुकूनही सुरू होणार नाही याची खात्री करा. वीजच काढून ठेवलेली बरी. सकाळी काटा उतरला असेल तर दोष बॉयलरमध्ये. काटा जागेवर आहे आणि व्हॉल्व्ह उघडताच खाली आला, तर पाणी घराच्या पाइपांतून गेलं. जुने आयसोलेशन व्हॉल्व्ह कधीकधी पूर्ण बंद होत नाहीत, म्हणून निकाल अर्धवट वाटला तर चाचणी पुन्हा करा.

दोष बॉयलरमध्ये निघाला आणि सेफ्टी व्हॉल्व्हची पिशवी कोरडी असेल, तर संशय मुख्य हीट एक्स्चेंजरवर जातो. कंडेन्सिंग बॉयलरमध्ये हे पाणी कंडेन्सेटच्या, म्हणजे त्या प्लॅस्टिकच्या, नळीतून गुपचूप निघून जातं. बॉयलर कित्येक तास बंद असताना त्या नळीत पाणी यायचं कारण नाही, म्हणून तेव्हाही थेंब पडत असतील तर ते सिस्टिमचं पाणी आहे. जुन्या, कंडेन्सिंग नसलेल्या बॉयलरमध्ये पेटताना चरचर आवाज येतो किंवा तळाशी गंजाचे ओघळ दिसतात. अशा वेळी बॉयलर बंद ठेवा. जुन्या यंत्राचा मुख्य एक्स्चेंजर बदलायचा खर्च आणि नव्या बॉयलरचा खर्च शेजारी मांडून बघा. माझं मत बहुतेक वेळा नव्याच्या बाजूने पडतं.

गरम पाण्याचा सिलिंडर असलेल्या घरांत आणखी एक जागा आहे. सिलिंडरमधल्या कॉइलला भोक पडलं आणि नळाचं पाणी माळ्यावरच्या टाकीतून, कमी दाबाने येत असेल, तर हीटिंगचं पाणी नळाच्या पाण्यात जातं. काटा पडतो आणि कुठेही थेंब दिसत नाही. नळाच्या गरम पाण्याला काळसर रंग किंवा रसायनाचा वास येत असेल तर ते पिऊ नका, स्वयंपाकालाही वापरू नका.

फरशीखाली

दोष पाइपांत असेल आणि वर काही दिसत नसेल तर उरते फरशी. हीटिंग तापल्यावर अनवाणी चाला. कारण नसताना उबदार लागणारा पट्टा लक्षात ठेवा. सिस्टिम झोनमध्ये विभागलेली असेल तर एकेक झोन बंद करून काटा बघा. काँक्रीटमध्ये उघडी गाडलेली तांब्याची नळी वर्षांनुवर्षांनी बाहेरून खाल्ली जाते, आणि तिथे अंदाजाने खोदणं परवडत नाही. गळती शोधणारे लोक थर्मल कॅमेरा वापरतात, किंवा पाइपात 5 टक्के हायड्रोजन आणि 95 टक्के नायट्रोजनचं मिश्रण सोडून ते फरशीतून कुठे वर येतं ते हुंगणारं यंत्र फिरवतात. या प्रमाणात मिश्रण पेट घेत नाही.

लीक सीलर नावाचं द्रावण सगळ्यांना आठवतं ते इथेच. बारीक पाझर त्याने कधीकधी खरंच बंद होतो. पण व्हेसल, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि फिलिंग लूप यांच्या दोषांवर त्याचा काही उपयोग नाही, आणि गाळाने भरलेल्या जुन्या सिस्टिममध्ये ते एअर व्हेंट किंवा एक्स्चेंजरच्या अरुंद वाटा अडवू शकतं. वरच्या सगळ्या चाचण्या संपल्यावरच त्याचा विचार करा, आणि बॉयलरच्या कंपनीची त्याला हरकत नाही ना, ते आधी पुस्तिकेत बघा.

मेकॅनिकला बोलावताना

‘प्रेशर उतरतं’ एवढंच सांगितलं तर तो पाणी भरून, दोन नट आवळून जाईल. त्याऐवजी हातात कागद द्या: रोजची थंड आणि गरम वाचनं, मधे कधी पाणी भरलं, पिशवी कोरडी की ओली, पिन दाबल्यावर हवा आली की पाणी, आणि व्हॉल्व्ह बंद ठेवलेल्या रात्रीचा निकाल. दुरुस्ती झाल्यावर इनहिबिटर नव्याने घालायला सांगा, कारण इतक्या वेळा पाणी भरल्यावर जुनं उरलेलं नसतं. परतीच्या पाइपवर चुंबकी फिल्टर नसेल तर तोही त्याच भेटीत बसवून घ्या. सिस्टिम तेव्हा रिकामी केलेलीच असते. त्यानंतर आठवडाभर सकाळचं वाचन चालू ठेवा. रेडिएटरमधली उरलीसुरली हवा निघेपर्यंत काटा थोडा उतरेल, ते एकदा भरून घ्यायला हरकत नाही. दुसऱ्यांदा भरावं लागलं तर त्याच मेकॅनिकला त्याच कागदासह परत बोलवा.